फळांच्या सालींचे प्लास्टिक : काही विचार

प्रत्येक युगाचा असा एक पदार्थ असतो, की ज्याच्या नावाने ते युग पुढे ओळखले जाते. पाषाणयुग, ताम्रयुग, लोहयुग ही नावे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. पुढील काळचे इतिहासकार आपल्या युगाला कोणते नाव देतील, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मनुष्याने जो पदार्थ अमाप निर्माण केला, परंतु जो नाहीसा कसा करावा हे मात्र त्याला नीटसे उमगले नाही, तो पदार्थ म्हणजे प्लास्टिक. आज जगात दरवर्षी सुमारे चाळीस कोटी टन प्लास्टिक तयार होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय गणतीप्रमाणे तोवर जितके प्लास्टिक टाकाऊ झाले होते, त्यातील जेमतेम नऊ टक्के पुन्हा उपयोगात आणले गेले. बाकीचे जाळले गेले, पुरले गेले किंवा वाऱ्यावर सोडले गेले.

विद्यार्थिमित्रहो, अशा काळात 'केळ्याच्या सालीपासून प्लास्टिक', 'बटाट्याच्या सालीपासून पिशवी' अशा वार्ता कानी आल्या म्हणजे मन हरखून जावे, यात नवल नाही. एकीकडे बाजारात कुजणारी फळे व भाज्या, दुसरीकडे न कुजणारे प्लास्टिक. आणि या दोन दुखण्यांवर एकच औषध! ऐकावयास इतके गोड वाटणारे असे दुसरे काय असणार? परंतु जे ऐकावयास फार गोड वाटते, ते सुशिक्षित मनुष्याने दोनदा तपासून घ्यावे, हा विद्येचा पहिला धडा आहे. या नव्या विद्येचे स्वागत अवश्य करावे, परंतु तिच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, याचाही विवेक ठेवावा, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वनस्पतींपासून प्लास्टिक करणे ही काही आजची कल्पना नव्हे. किंबहुना प्लास्टिकचा जन्मच वनस्पतीच्या पोटी झालेला आहे. अलेक्झांडर पार्क्स या इंग्रज गृहस्थाने १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात जो नवा पदार्थ मांडला, तो वनस्पतीतील सेल्युलोजपासून सिद्ध केलेला होता. पुढे अमेरिकेत जॉन वेस्ली हयात याने १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केले, ते बिलियर्डच्या चेंडूंसाठी लागणाऱ्या हस्तिदंताला पर्याय म्हणून. या सेल्युलॉइडचे घटक कोणते होते? आम्लांचा संस्कार केलेला कापूस आणि आपल्या देव्हाऱ्यात आरतीच्या वेळी जळतो तो कापूर. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ज्या फितीवर 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला, ती फीतही याच कुळातील. पूर्णपणे कृत्रिम असे पहिले प्लास्टिक, म्हणजे बेकेलाइट, लिओ बेकलंड याने १९०७ साली शोधून काढले, आणि त्यानंतर प्लास्टिकाने कापसाचे घर सोडून कोळशाच्या व खनिज तेलाच्या घरी बिऱ्हाड केले. आपल्या आदिलाबाद जिल्ह्याची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या शेतातील बोंडाचे आणि रस्त्याकडेच्या पन्नीचे असे दूरचे नाते आहे, हे आपणास ठाऊक असावे.

या इतिहासातून घेण्याजोगा बोध मात्र निराळा आहे. सेल्युलॉइड कापसापासून झाले म्हणून ते निरुपद्रवी ठरले नाही. ते भराभर पेट घेई. त्याने कित्येक चित्रपटगृहांत आगी लागल्या. सारांश, एखादी वस्तू कशापासून झाली एवढ्यावरून तिचे गुणदोष ठरत नाहीत. तिचा शेवट कसा होतो, हेही विचारावे लागते. हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

आता सालीपासून प्लास्टिक होते तरी कसे, ते पाहू. बटाटा, कच्चे केळे, आंब्याच्या कोयीतील गर यांत पिष्ट, म्हणजे स्टार्च असते. पिष्टाचे कण म्हणजे साखरेच्या असंख्य दुव्यांच्या लांब साखळ्या होत. त्यांतील काही साखळ्या सरळ असतात, काही झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. पिष्ट पाण्यात कालवून त्यात थोडा शिरका म्हणजे व्हिनेगर घातले व मंद आचेवर ढवळले, की आम्लामुळे त्या फांद्या काही प्रमाणात तुटतात आणि साखळ्या एकमेकींशी सरळ बिलगू लागतात. एवढ्यावर थांबले, तर वाळल्यावर तो पापड कडकडीत होतो व मोडतो. म्हणून त्यात चमचाभर ग्लिसरीन घालतात. ग्लिसरीनचे कण साखळ्यांच्या मध्ये जाऊन बसतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात आणि पापडाऐवजी लवचिक पापुद्रा मिळतो. चार चमचे पाणी, एक चमचा मक्याचे पीठ, थोडे व्हिनेगर व थोडे ग्लिसरीन एवढ्या सामग्रीवर शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग शाळेतही करता येतो. खळ दाट व पारदर्शक झाली की ती ताटलीवर पसरून एक-दोन दिवस वाळू द्यावयाची, एवढेच. तुर्कस्तानातील एका सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने केळ्याच्या सालींपासून असेच प्लास्टिक करून २०१३ साली आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत पारितोषिक मिळविले होते. यात एकच उणीव असते : हा पापुद्रा पाण्याने फुगतो व विरघळू लागतो. पावसाळ्यात बाजारातून भाजी आणण्यास अशी पिशवी घेऊन गेलेला गृहस्थ भाजी खिशातून घरी आणील!

ही उणीव भरून काढणाऱ्या दुसऱ्या दोन रीती आहेत. पहिली रीत दह्याशी नाते सांगणारी आहे. पिष्टाची वा सेल्युलोजची प्रथम साखर करावयाची, ती जीवाणूंना खाऊ घालावयाची, की ते तिचे लॅक्टिक आम्ल करतात. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. या आम्लाचे कण जोडून लांब साखळी केली, की पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे टणक, चकचकीत प्लास्टिक मिळते. दुसरी रीत त्याहून विलक्षण आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरिस लेम्वान या शास्त्रज्ञाला १९२६ साली असे आढळले, की काही जीवाणू आपल्या देहातच प्लास्टिकसारखा पदार्थ साठवून ठेवतात. आपण जशी अंगात चरबी साठवितो, तसाच हा त्यांचा दुष्काळासाठी राखलेला साठा. आंबविलेल्या फळभाज्यांच्या चोथ्यातून निघणारी आम्ले अशा जीवाणूंना देऊन हा पदार्थ मिळविता येतो. जे जीवाणूच साठवितात, ते जीवाणू खाऊही शकतात. म्हणून हे प्लास्टिक मातीत आणि समुद्रातही कुजते. मात्र ते अद्याप साध्या प्लास्टिकपेक्षा पुष्कळच महाग पडते.

या विद्या आता आपल्या दाराशी आल्या आहेत. खंडोबाच्या भंडाऱ्यासाठी ज्या जेजुरीचे नाव आपण ऐकतो, तेथे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या उद्योगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा जैव प्लास्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र उघडले. तिरुमला येथे भाविकांना लाडवाचा प्रसाद नेण्यासाठी मक्याच्या पिष्टापासून केलेल्या, कुजणाऱ्या पिशव्यांचा विक्रीकक्ष ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाला. त्या पिशव्यांची विद्या हैदराबाद येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेची होती. ही प्रगती अभिमानास्पद आहे. परंतु जगात आज जे जैव प्लास्टिक होते, ते बहुधा मका, ऊस, कसावा यांसारख्या पिकांपासून होते. त्यासाठी शेत लागते, पाणी लागते, खत लागते. ज्या देशात अजूनही काही घरी चूल वेळेवर पेटत नाही, त्या देशाने अन्नाच्या शेतात पिशव्या पिकवाव्यात काय, हा प्रश्न विचारण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. म्हणूनच धान्याऐवजी सालींपासून प्लास्टिक करण्याची कल्पना अधिक न्याय्य वाटते. तिच्यात कोणाच्या ताटातला घास काढून घेतला जात नाही.

आणि माल कमी आहे असेही नाही. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार आपल्या देशात काढणीपासून विक्रीपर्यंत पेरूचा १५.८८ टक्के व टोमॅटोचा १२.४४ टक्के भाग वाया जातो. त्यात घरोघरच्या साली, देठ व बिया धरलेल्याच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली केलेल्या गणतीप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात शंभर कोटी टनांहून अधिक अन्न फुकट गेले, आणि त्यातील सहा दशांश भाग कुटुंबांच्या घरात फुकट गेला.

मग अडचण कोठे आहे? अडचण सालीच्या स्वभावात आहे. केळ्याच्या शंभर किलो ओल्या साली वाळविल्या, तर सुके द्रव्य दहा-पंधरा किलोच्या पलीकडे जात नाही. बाकी सारे पाणी. त्या सुक्या द्रव्यातही उपयोगी पिष्ट हा एक भाग. आणि केळे जसजसे पिकते, तसतशी त्या पिष्टाची साखर होत जाते. म्हणजे साली गाडीत भरून दूरच्या कारखान्याला पाठविणे हे बव्हंशी पाणी वाहून नेणे होय. शिवाय साली दोन दिवसांत नासतात. आंबा दोन महिने असतो व दहा महिने नसतो. आणि माल एका ठिकाणी नव्हे, तर दहा हजार घरांत ओंजळ-ओंजळ विखुरलेला असतो. ऊस कारखान्याच्या दारी मोळ्या बांधून येतो. साल तशी येत नाही. तेव्हा हा धंदा करावयाचा असेल, तर तो जेथे फळभाज्यांचा ढीग रोजच्या रोज एका जागी पडतो, तेथे, म्हणजे मोठ्या बाजाराच्या आवारातच करावा लागेल.

असा एक उद्योग आपल्याच राज्यात झालेला आहे, मात्र तो प्लास्टिकचा नव्हे. सिकंदराबादच्या बोयनपल्ली येथील भाजीबाजारात रोज निघणाऱ्या सुमारे दहा टन टाकाऊ भाजीपासून गॅस तयार करण्याचा प्रकल्प उभारण्यात आला. त्यामागील तंत्र हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे. पंतप्रधानांनी ३१ जानेवारी २०२१ च्या आपल्या आकाशवाणीवरील भाषणात त्याचा उल्लेख केला, तेव्हा त्यातून रोज सुमारे पाचशे युनिट वीज मिळत असल्याचे सांगण्यात आले. बाजारातील दिवे त्या विजेवर लागले, उपाहारगृहाची चूल त्या गॅसवर पेटली आणि उरलेला गाळ खत म्हणून उपयोगी पडला. यावरून हे ध्यानात येते, की सालीवर हक्क सांगणारे प्लास्टिक हे एकटेच नाही. पहिला हक्क गोठ्यातील जनावराचा, दुसरा जमिनीचा, तिसरा चुलीचा. आणि मग जे उरेल त्यावर प्लास्टिकचा. जमिनीला जे परत दिले जात नाही, ते पुढे विकतच्या खताच्या गोणीतून, आणि तेही कर्ज काढून, द्यावे लागते. हे कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यातील मुलांना मी सांगावे असे नाही.

आता त्या शेवटाच्या प्रश्नाकडे वळू. 'जैव-विघटनशील' हा शब्द मोठा आहे आणि मोठ्या शब्दांच्या आड पुष्कळ गोष्टी लपतात. विघटनशील म्हणजे कोठे विघटनशील? किती दिवसांत? आणि मागे काय उरते? हे तीन प्रश्न ज्याने विचारले नाहीत, त्याला त्या शब्दाचा अर्थ कळला नाही असे समजावे. वर सांगितलेले पॉलिलॅक्टिक आम्ल ज्या खतकारखान्यात उष्णता साठ अंशांच्या आसपास राखली जाते, तेथे काही महिन्यांत कुजते. तेच गटारात, शेतात किंवा पैनगंगेच्या पात्रात पडले, तर वर्षानुवर्षे पडून राहू शकते. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी निरनिराळ्या पिशव्या मातीत व समुद्रात तीन वर्षे ठेवून २०१९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. 'विघटनशील' असे छापलेली पिशवी तीन वर्षांनंतरही सामान भरून नेण्याइतकी धड होती! काही पिशव्यांत अशी द्रव्ये मिसळतात, की उन्हाने त्यांचा चुरा होतो. परंतु चुरा होणे म्हणजे कुजणे नव्हे. डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिक हे नाहीसे झालेले प्लास्टिक नसते. उलट ते अन्नात व पाण्यात शिरण्यास अधिक सोयीचे झालेले असते.

आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत काही पावले टाकलेली आहेत. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या, थर्माकोलची आरास आणि प्लास्टिकचे छोटे झेंडे अशा एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशव्यांची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी, असे ठरले. खत होऊ शकणाऱ्या पिशव्यांना या जाडीच्या नियमातून सूट आहे. मात्र त्यांना ठरलेल्या कसोटीस उतरावे लागते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणून हिरवे पान छापलेली प्रत्येक पिशवी पवित्र आहे असे मानू नये. तिच्यावर प्रमाणपत्राचा उल्लेख आहे की नाही, ते वाचावे. आपण वाचावयास शिकलो, ते केवळ परीक्षेसाठी नव्हे.

पण समजा, प्लास्टिक खरेखुरे खत होणारे आहे आणि ते सालींपासूनच केलेले आहे. तरी ते शेवटी जाणार कोठे? आज बहुतेक गावांत ते जाईल त्याच ढिगावर, जेथे पन्नी, काच, औषधांच्या बाटल्या, उष्टे अन्न आणि राख एकत्र पडलेली आहे. तेथे ते खत होणार नाही, आणि त्याच्या शेजारी पडलेल्या सालीचेही खत होणार नाही. येथे या साऱ्या विषयाचे मर्म आहे, असे मला वाटते. केळ्याची साल हा कचरा नाही. ती गाईपुढे टाकली तर चारा आहे, मातीत गेली तर खत आहे, टाकीत गेली तर इंधन आहे. एवढेच काय, पन्नीदेखील स्वच्छ व एकटी असली तर भंगारवाला ती विकत नेतो. दोन्ही एका पिशवीत बांधून उकिरड्यावर फेकली, की त्याच क्षणी दोन्हींचा कचरा होतो. आणि मग बिचारी गाय सालीच्या आशेने पन्नीही गिळते. कचरा वस्तूत नसतो, तो मिसळण्यात असतो. आणि मिसळणारा हात आपला असतो.

आपल्या वाडवडिलांच्या गावांत कचरा हा प्रश्न नव्हता, तो ते फार शहाणे होते म्हणून नव्हे, तर त्यांच्या उकिरड्यावर न कुजणारे असे काही पडतच नव्हते म्हणून. आम्हा कोकणीभाषक मंडळींच्या मुलखात माडाचे काहीच वाया जात नाही : खोबरे स्वयंपाकात, सोडणाचा काथ्या दोरीत, करवंटी डावाला किंवा चुलीला, झावळी छपराला. इकडे आदिलाबादकडेही पऱ्हाटी आणि तुराटी चुलीत जाते, सरकीची पेंड गुरांच्या दावणीत जाते. परंतु जुन्या काळाचे गोडवे गाऊन आजचा प्रश्न सुटणार नाही. त्या काळी उकिरडा होता, तशीच घाणही होती आणि ती उपसण्याचे काम समाजाने ठराविक जातींच्या माथी मारलेले होते. ती गोष्ट लज्जास्पद होती. ज्यांनी हे ओळखले, ते महापुरुष ठरले. संत गाडगेमहाराज गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. आधी रस्ता झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणत, त्यांनी १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापला आणि मैल्यापासून खत करण्याचे काम स्वतःच्या हातांनी केले. झाडणे आणि वेगळे करणे हे हलके काम नसून ते सुसंस्कृत माणसाचे काम आहे, ही त्यांची शिकवण. आजही आपण एकत्र करून फेकलेले कोणीतरी नंतर हातांनी निवडते. बहुधा ती एखादी गरीब बाई किंवा शाळेत असावयास हवे असे मूल असते. घरातच दोन डबे ठेवण्याचा कंटाळा म्हणजे आपले काम त्यांच्या हातांवर ढकलणे होय.

मग सालींच्या प्लास्टिकला आपल्या जीवनात काही स्थान आहे की नाही? आहे, आणि ते मोलाचे आहे. मात्र ते योग्य जागी असावे. ताटलीच्या जागी ते नको. आपल्या जिल्ह्यातील वनांत पळस मुबलक आहे, आणि पळसाच्या पानांची पत्रावळ व द्रोण यांहून उत्तम ताटली कोणत्या कारखान्यात होणार? तिला ना वीज लागते, ना प्रमाणपत्र; आणि ती लावणाऱ्या हातांना चार पैसे मिळतात. पिशवीच्या जागीही ते नको. ज्या जिल्ह्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, त्या जिल्ह्यातील लोकांनी कापडी पिशवी न नेता बाजारात जावे, ही विसंगतीच म्हणावयाची.

ते हवे तेथे, जेथे वस्तू मातीतच जावयाची आहे आणि तिच्याबरोबर प्लास्टिकही मातीत जाते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे रोपवाटिकेतील काळी पिशवी. २०१५ साली तेलंगणात 'हरित हारम' ही वृक्षारोपणाची मोठी योजना सुरू झाली. गावोगाव रोपवाटिका झाल्या. रोपे मात्र प्लास्टिकच्या काळ्या पिशव्यांत वाढत, आणि लावणीच्या वेळी त्या पिशव्या फाडून तेथेच टाकल्या जात. झाड लावावयाचे आणि त्याच्या पायाशीच पन्नी टाकावयाची, हे गदवाल जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील विद्यार्थिनीच्या डोळ्यांना खुपले. तिच्या भागात भुईमुगाच्या टरफलांना तोटा नव्हता. तिने त्या टरफलांची कुंडी केली, की जी रोपासकट जमिनीत पुरता येते व तेथेच कुजून जाते. पुढे हैदराबादच्या टी-वर्क्स या संस्थेने अशा कुंड्या करण्यासाठी यंत्र घडविण्यास तिला साहाय्य केले. शास्त्रीय परिभाषेत ती कुंडी प्लास्टिक नव्हे. परंतु या विषयात जे जे साधावयाचे आहे, ते सारे तिच्यात साधले आहे. माल तेथलाच, टाकाऊ आणि कोरडा, वस्तू उपयोगाची, आणि तिचा शेवट तिच्या कामातच ठरलेला. तिला वेगळे गोळा करावे लागत नाही, कारण ती कचऱ्यात जातच नाही. शेतात तण दाबण्यासाठी अंथरतात ते आच्छादन, ओला कचरा भरून खताच्या खड्ड्यात पिशवीसकट टाकता येईल अशी पिशवी, या जागाही अशाच आहेत. तेथे सालींपासून केलेले, मातीत खरोखर कुजणारे प्लास्टिक आले, तर त्याचे दोन्ही हातांनी स्वागत करावे.

यावर कोणी म्हणेल, की आठवडी बाजारात जमिनीवर चार वाटे मांडून बसलेल्या भाजीवालीला हा उपदेश कशाला? तिला स्वस्त पन्नी परवडते, महाग पिशवी परवडत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु उपदेश तिला नाहीच. तो गिऱ्हाइकाला आहे. पन्नी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाते, म्हणून ती पन्नी देते, आणि तिचा खर्च आपल्या तुटपुंज्या नफ्यातून सोसते. गिऱ्हाइकाने घरून पिशवी आणली, तर बाजार स्वच्छ राहील आणि तिचे पैसेही वाचतील. दंडाची पावती फाडावयाचीच असेल, तर ती प्रथम त्या बाईच्या पाटीपाशी फाडू नये. पुडीपुडीत माल भरून गावोगाव पाठविणाऱ्या मोठ्या धंद्यांच्या दाराशी आधी जावे. न्याय वरून खाली यावा. खालून वर जाण्याचे ढोंग करू नये.

आणखी एक आक्षेप असा : शास्त्रज्ञ नवे शोध लावीत असताना शाळामास्तरांनी असे 'परंतु' का काढावेत? याचे उत्तर असे, की शोध हा सवयीची जागा घेऊ शकत नाही. दिवा लागला म्हणून डोळे उघडण्याचे काम संपत नाही. उद्या अगदी स्वस्त, अगदी निर्दोष असे सालींचे प्लास्टिक निघाले, तरी ते करण्यासाठी साली लागणार. आणि त्या वेगळ्या, स्वच्छ, ताज्या लागणार. ज्या गावाने वेगळे ठेवण्याची सवय लावून घेतली नाही, त्या गावाजवळ तो कारखाना येऊनही उपाशी राहील. म्हणजे जी सवय आज खतासाठी हवी, तीच उद्या प्लास्टिकसाठी हवी. शोधाची वाट पाहण्याचे निमित्त सांगून सवय पुढे ढकलणे म्हणजे विहीर खणली जाईपर्यंत घागर घडवावयाची नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या वर्षी एक काम तुम्ही हाती घ्यावे अशी माझी सूचना आहे. शाळेच्या आवारात एका कोपऱ्यात चार लहान खड्डे खणा. एकात पन्नीचा तुकडा पुरा, दुसऱ्यात तुम्हीच केलेल्या पिष्टाच्या प्लास्टिकचा, तिसऱ्यात पळसाचे पान आणि चौथ्यात सुती कापडाची चिंधी. प्रत्येकावर पाटी लावा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी माती बाजूला करून पाहा आणि जे दिसेल ते, जसे दिसेल तसे, वहीत तारीख घालून लिहा. पाऊस किती झाला तेही लिहा. पुढच्या वर्षीच्या अंकात ती वही छापता येईल. तिच्यातील चार ओळी या लेखातील चार पानांहून अधिक मोलाच्या ठरतील, कारण त्या तुम्ही ऐकलेल्या नसून पाहिलेल्या असतील.

आणि घरी दोन डबे ठेवा : एक ओल्याचा, एक सुक्याचा. ओला डबा गोठ्यात, परसात किंवा खताच्या खड्ड्यात रिकामा करा. या कामाला सरकारी हुकूम लागत नाही, शास्त्रज्ञ लागत नाही, पैसाही लागत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना प्रथम ते पोरखेळ वाटेल. महिनाभराने तीच मंडळी पाहुण्यांना सांगतील, की केळ्याची साल त्या डब्यात नको, या डब्यात टाका.